चौथा कोपरा

वर्षातून एक दिवस आमच्या भागातली गावं ओस पडतात. मार्गशीर्षातली वेळा अमावास्या. बोलताना सगळे येळवस म्हणतात. त्या दिवशी मुरूमच्या बाजारपेठेत शटरं खाली असतात, एसटी स्टँडवर कुत्री ऊन खात पडलेली असतात आणि झाडून सगळी माणसं कुणाच्या ना कुणाच्या शेतात असतात. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात, ज्याला नाही तो दुसऱ्याच्या. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाका मारमारून पंगतीला बसवतात. कुणी न जेवता पुढं गेलं तर यजमानालाच चुटपुट लागते.

आदल्या दिवशी घराघरात ज्वारीचं पीठ आणि ताक मडक्यात घालून आंबील करतात. तिला रात्रभर आंबट व्हायला ठेवतात. तो आंबूस वास नाकात गेला की मी सतरा वर्षांची होते. दर वर्षी होते. या वर्षी जरा जास्तच झाले, कारण या वर्षी माझ्याकडं एक पुस्तक होतं.

ते मला दिवाळीत ऋतुजानं दिलं. ऋतुजा माझ्या धाकट्या भावाची मुलगी, लातूरला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी मुरूमला हायस्कूलमध्ये मराठी शिकवते, दोन खोल्यांत एकटी राहते आणि सणासुदीला तासाभराच्या वाटेवरच्या आमच्या गावी, भावाकडं जाते. घरात पुस्तकं वाचणाऱ्या आम्ही दोघीच. त्यामुळं ती पुस्तक देते यात नवल नव्हतं. पण देताना ती माझ्याकडं बघत नव्हती.

"आत्या, हे वाच. येळवशीला आले की मला सांग कसं वाटलं. शाळेतल्यासारखं 'छान आहे, लिहीत राहा' असलं काही म्हणू नकोस. खरं सांग."

किशोरवयीन मुलामुलींसाठी लिहिलेली कादंबरी. मोठ्या शहरातल्या दोन मुली, अकरावीतल्या, एकमेकींच्या प्रेमात पडतात. मागच्या कव्हरवर 'समलिंगी' हा शब्द सरळ छापलेला, 'खुसखुशीत' आणि 'हृद्य' या शब्दांच्या शेजारी, जसा काही तोही रोजच्या वापरातलाच. तो वाचून माझा हात आधी वर्तमानपत्र शोधायला गेला. पाठ्यपुस्तकाला घालतात तसं मी त्याला कव्हर घातलं आणि घटक चाचणीच्या पेपरांच्या गठ्ठ्यात सरकवून दिलं. सेहेचाळीस वर्षांची बाई मी, घरात डोकावून बघणारं कुणी नाही. तरी.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. त्या दोघी सारख्या बोलतात. मनात काय चाललंय ते वक्तृत्व स्पर्धेला उभं राहिल्यासारखं पूर्ण वाक्यांत सांगतात. मधेच कुणी हाक मारून त्यांना पाणी भरायला लावत नाही. दोनशे पानांत एकदाही कुणी भांडी घासत नाही. कळल्यावर आई एक दिवस रडते आणि दुसऱ्या दिवशी शिरा करते. झालं, मानली! वडील तर रडतही नाहीत, मुलीच्या खांद्यावर हात ठेवून चष्मा पुसतात. असले वडील कुठल्या दुकानात मिळतात, मला पत्ता हवा होता.

माझी एक वाईट खोड आहे. हातात पेन्सिल असल्याशिवाय मला वाचता येत नाही. इतकी वर्षं पेपर तपासल्यावर दुसरं काय होणार? कोरी जागा दिसली की बोटं वळवळतात. मी समासात लिहीत गेले. 'असं कुणी बोलतं का?' 'शुद्धलेखन!' 'इतक्या लवकर?' 'या दोघींना थंडी वाजत नाही का?' रविवारी दुपारी गच्चीवर ऊन घेत बसायचं, मांडीवर पुस्तक, बाजूला दाखवायला पेपरांचा गठ्ठा. जिन्यावर घरमालकीणबाईंची चाहूल लागली की पुस्तक गठ्ठ्याखाली.

आवडलं नाही, आवडलं नाही असं म्हणत मी ते तीनदा वाचलं.

वाचताना सारखी आठवायची ती महानंदा, गुरुजींची मुलगी. गुरुजी मूळचे अणदूरचे, बदली होऊन आमच्या गावच्या शाळेत आले आणि आमच्याच गल्लीत भाड्यानं राहिले. ती माझ्या वर्गात, सातवीपासून. तिचे केस दाट होते, आणि ती हसताना तोंडावर हात धरायची, कारण पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता. मला तो दात फार आवडायचा. असं कुणाचा दात आवडणं म्हणजे काय असतं, हे विचारायला तेव्हा कुणी नव्हतं, आणि विचारावं असं सुचलंही नाही.

अकरावी-बारावीला आम्ही दोघी मुरूमच्या कॉलेजला चालत जायचो. थंडीत एकच शाल. घरून दोघीही आपापली शाल घेऊन निघायचो, गावाची वेस ओलांडली की एक घडी करून पिशवीत ठेवायची आणि एकीत दोघी. वाटेत करडईची पिवळी फुलं, जवसाची निळी, तुरीच्या शेंगा. शेंगा सोलून ती निम्मे दाणे माझ्या तळहातावर ठेवायची, मोजून. एक जास्त झाला तर दातांनी तोडून अर्धा द्यायची.

गावातल्या बायकांना आमचं भारी कौतुक. हापशावर आमची जोडी दिसली की कुणीतरी म्हणायचंच, "ह्या दोघींस्नी एकाच मांडवात उभं करा गं." आणि सखूकाकू, ज्यांची जीभ गावात सगळ्यांत चालू, त्या म्हणायच्या, "दोन सख्खे भाऊ बघा आन् जावा करून टाका. सुटला प्रश्न." सगळ्या हसायच्या. आम्हीही हसायचो.

महानंदानं मात्र ते खरं धरलं. ती हिशेबी मुलगी, गणितात कायम पुढं. रस्त्यानं जाताना ती मला समजावून सांगायची. घर दोन भावांचं पाहिजे. तिसरा नको, तिसऱ्याची बायको कोण कशी येईल सांगता येत नाही. वाटण्या न झालेल्या पाहिजेत, म्हणजे चूल एक राहील. शेत लांब असलेलं बरं. नवरे शेतावर गेले की दिवसभर घरात आपण दोघीच. "सकाळी म्या भाकरी थापीन, तू भाजायच्या. दुपारी एका सतरंजीवर पडायचं. म्हातारपणी पण संगंच." नवऱ्यांविषयी ती याहून जास्त काही बोलायची नाही. ते आमच्या बेतात बैलांसारखे होते. असायला हवेत, शेतात असायला हवेत.

पुस्तकातल्या त्या दोघी एका पानावर गच्चीवर बसून पुढचं ठरवतात. लहानसा फ्लॅट घ्यायचा, खिडकीत कुंड्या ठेवायच्या, मांजर पाळायची. ते पान वाचताना मला हुंदका आला. लेखिकेनं तिथं काही विशेष लिहिलेलं नाही. उलट मांजरीच्या नावावर उगाच अर्धं पान घालवलं आहे. पण त्या दोघींना कुणाच्या तरी जावा व्हायची गरजच नव्हती. सोबत राहायला मधे दोन भाऊ आणावे लागत नव्हते. सोळा वर्षांच्या त्या पोरींचा मला इतका हेवा वाटला की मी पुस्तक मिटून खाली गेले आणि स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसला.

त्या वर्षीची येळवस. आम्ही बारावीत.

आमचं शेत ओढ्याच्या अलीकडं, चार एकरांचा एकच तुकडा. ज्वारी पोटरीतून नुकती बाहेर पडलेली, डोक्याच्या वर दोन हात. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून पूर्वेला तोंड असलेली कोप केली, तिच्यावर आईची इरकली साडी घातली, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडले. ते पांडव. आईनं समोर ताज्या शेंगांची आणि पालेभाज्यांची भज्जी, सजगुऱ्याचे म्हणजे बाजरीचे उंडे, गव्हाची खीर ठेवली. गुरुजींना शेत नव्हतं, त्यामुळं दर वर्षी ते सहकुटुंब आमच्याकडं. भज्जी आईनंच करायची, पण तिळाच्या भाकरी महानंदाच्या आईच्याच.

पूजा झाली की चर शिंपायचा असतो. आंबील, भज्जी, उंडे, सगळ्यातलं थोडं थोडं बिंदगीत, म्हणजे लहान घागरीत कालवायचं, दोघांनी पिकातून चालत शेताच्या चारी कोपऱ्यांना जायचं आणि आरोळी देत ते काळ्या आईला शिंपडायचं. आरोळी अर्धी कानडी, अर्धी मराठी. अर्थ विचारला की आण्णा म्हणायचे, "तुला कशाला पायजे? तू नुसती वरड." हे काम बाप्यांचं. पण त्या दिवशी गाडीतून उतरताना आण्णांचा पाय मुरगळला होता आणि भाऊ लिंबाच्या झोक्यावरून उतरायला तयार नव्हता.

"आमी शिंपतो काका," महानंदा म्हणाली.

"पोरींनी?" सखूकाकू म्हणाल्या. त्याही जेवायला होत्याच.

आण्णा पाय चोळत म्हणाले, "जमीन काय इचारती व्हय, कोन शिंपतंय म्हणून? जावा. पर चारी कोपरे करा. एक पण ऱ्हायला न्हाय पायजे."

बिंदगी माझ्याकडं. ती पुढं, मी मागं. ज्वारीत शिरल्यावर दहा पावलांत माणसांचे आवाज बारीक झाले. पानं हाताला कापत होती. ती बिंदगीत हात घालायची, शिंपडायची आणि मोठ्यानं ओरडायची, आणि ओरडून झालं की मागं वळून हसायची, तोंडावर हात न धरता, कारण हात बरबटलेले. पहिला कोपरा रस्त्याकडचा. दुसरा विहिरीकडचा. तिसरा, बांधावर बोर आहे तो.

तिसऱ्या कोपऱ्यापासून ओढ्याकडं निघालो आणि ती मधेच थांबली. तिथून काहीच दिसत नव्हतं. वर निळी पट्टी, बाकी ज्वारी.

"नापास झालीस तर बघ," ती म्हणाली. "तू नापास आन् म्या पास असं झालं तर लग्न म्होरं-मागं हुतील. मग दोन भाऊ कसे जमायचे?"

मी म्हटलं, "आन् दोन भाऊ मिळालेच न्हायत तर?"

 तिनं माझा बिंदगीवरचा हात धरला, आंबिलीनं चिकट झालेल्या हातानं. मग डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. तिच्या केसांना शिकेकाई आणि धूर, दोन्हींचा वास येत होता. किती वेळ उभ्या होतो ते मला खरंच माहीत नाही.  मला एवढंच वाटत होतं की कुणी हाक मारू नये.

हाक आली. आईची. "पोरींनो, पंगत बसली गं!"

आम्ही दचकलो. तिनं डोळे पुसले, मी बिंदगी सावरली आणि आम्ही आवाजाच्या दिशेनं सरळ पळत सुटलो. कोपीपाशी पोचल्यावर मी बिंदगीत बघितलं. तळाला चर तसाच होता.

"झाले का चारी कोपरे?" आण्णांनी विचारलं.

"झाले काका," महानंदा म्हणाली, माझ्याआधी.

मी कोपीमागं जाऊन उरलेला चर माती उकरून पुरला.  खोटं बोलल्याची भीती वेगळी आणि ही वेगळी. मला वाटलं, आम्ही तिथं थांबून जे केलं त्याची शिक्षा त्या कोपऱ्याला होणार. ओढ्याकडचा कोपरा भरणार नाही. कणसं फुसकी निघतील, आण्णा विचारतील आणि सगळं गाव म्हणेल, ह्या दोन पोरींनी केलं.

मग सुगी संपेपर्यंत मी रोज शेतात जात होते. सगळ्यांना वाटायचं, पोरगी एकांतात अभ्यास करते. हातात इतिहासाचं पुस्तक असायचं खरं. मी चौथ्या कोपऱ्यातली कणसं बघायची. पौष गेला, दाण्यात दूध भरलं. हुरडा झाला, मी त्या कोपऱ्यातलं एक कणीस भाजून खाल्लं, गोड होतं. माघात दाणा टणक झाला. मी तिथलं एक कणीस चोळायची आणि विहिरीकडचं एक, आणि दोन्हींचे दाणे फडक्यावर ओतून बघायची. फरक नव्हता. काढणी झाली, कणसांची रास पडली आणि मोत्यासारखी टपोरी ज्वारी निघाली, सगळीकडची सारखी. शिक्षा झाली नाही. तरी माझी भीती गेली नाही. मला वाटलं, जमिनीनं आत्ता सोडलं, पुढं कधीतरी वसूल करील.

दोघी पास झालो. ज्येष्ठात महानंदाचं लग्न ठरलं, कर्नाटकात, बसवकल्याणच्या पुढं. मुलगा चांगला, घर चांगलं. तिची आई आमच्या ओट्यावर बसून आईला सांगत होती, "एकुलता एक हाय बघा. ना दीर ना जाऊ. माझ्या लेकीला जावंचा जाच म्हणून न्हाय." आई म्हणाली, नशीब काढलं. मी आत तांदूळ निवडत होते. महानंदा लग्नाआधी दोनदा आमच्या घरी आली आणि दोन्ही वेळा मी घरात नाही म्हणून सांगायला लावलं. यासारखा मूर्खपणा मी आयुष्यात दुसरा केला नाही.

मी लग्न केलं नाही. आधी डीएड, मग बीएड, मग नोकरी, मग आण्णांचं आजारपण. प्रत्येक वेळी पुढं करायला एक कारण होतं आणि सगळी कारणं खरीही होती. आता गावात मी 'बाई' आहे. बाईंना कुणी काही विचारत नाही. या न विचारण्यावर मी घर बांधून राहिले आहे, आणि खरं सांगायचं तर ते घर मला सोडवत नाही.

पुस्तकावरचा माझा मोठा राग हाच असावा. त्यात माझ्या वयाचं 'तसं' कुणी नाही. मोठ्या बायका आहेत. एक आई, एक आजी, एक करडी मुख्याध्यापिका. सगळ्यांचं काम एकच, आधी आडवं यायचं आणि मग मऊ व्हायचं. जणू त्या दोन पोरींच्या आधी जगात हे कुणाला झालंच नव्हतं. मी पानं उलटत कुठंतरी स्वतःला शोधत होते. शेजारची एखादी काकू, एखादी न बोलणारी आत्या, चहाचा कप ठेवून निघून जाणारी का होईना. नव्हती. मुलांच्या पुस्तकात मुलंच असणार, हे कळतं. तरी दाराबाहेर उभं राहून आतली पंगत बघावी तसं वाटत राहिलं.

आणि काळजीही वाटली. मास्तरणीची काळजी. असं पुस्तक आमच्याकडच्या मुलीच्या हातात पडलं, तिनं ते खरं धरलं आणि घरी सांगून बसली, तर शिरा करणारी आई तिला कुठून मिळणार? पुस्तक दोनशे पानांत संपतं. तिला त्यानंतर त्याच घरात राहायचं असतं. हे सगळं मी ऋतुजाला सांगायचं ठरवलं, मुद्दे काढून. मुद्दे काढता काढता माझ्या लक्षात आलं की हे मी ऋतुजाविषयीच बोलते आहे. दिवाळीतच कळलं होतं मला. फक्त कळून घ्यायचं नव्हतं.

येळवशीच्या दोन दिवस आधी मी खोडरबर घेऊन बसले आणि समासातलं सगळं खोडलं. कव्हर काढलं. आदल्या दिवशी गावी गेले आणि पुस्तक ऋतुजाच्या हातात दिलं. "नंतर बोलू," म्हटलं. ती माझ्याकडं बघत राहिली, मग चुलीपुढं बसून पानं चाळायला लागली.

वहिनी उंडे वळत होत्या. त्यांचा चेहरा उजळलेला. "ताई, उद्या उमरग्याची मंडळी येणार हायत शेतावर. बघायचा कार्यक्रम न्हाय हां, नुसतं जेवायला. येळवशीला कुणाला बी बोलावता येतं की. मुलगा इंजिनेर हाय." आणि मग त्यांनी पीठ मळता मळता सहज म्हटलं, "एकुलता एक हाय. जावंचा जाच न्हाय."

माझ्या हातातला पेला खाली पडला. स्टीलचा होता, नुसता आवाज झाला.

मला महानंदा एकदाच भेटली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मुरूमच्या स्टँडवर. केस विरळ झालेले, सोबत दोन मुलं, हातात औषधांची पिशवी. तिची गाडी लागलेली होती. बोलायला चार-पाच मिनिटं. आम्ही आईवडिलांची चौकशी केली, मुलांच्या इयत्ता झाल्या. कंडक्टरनं घंटी मारली तशी ती पायरीवर चढली आणि वळून म्हणाली, "त्या साली त्या कोपऱ्यात पिकलं का गं?"

इतक्या वर्षांत तीही तेच घेऊन बसली होती.

"पिकलं," मी म्हणाले. "बाकीच्यासारखंच. म्या रोज जाऊन बघत हुते."

ती हसली. दात तसाच होता. "मग उगंच भ्यालो की गं आपण," म्हणाली. गाडी हलली. मी धूळ खाली बसेपर्यंत तिथंच उभी होते, आणि नंतर शाळेत जाऊन दोन तास घेतले.

परवाच्या येळवशीला कोप भावानं केली. साडी वहिनींची. पूजा झाली. भाऊ पाहुण्यांना रस्ता सांगत फोनवर गुंतला होता. ऋतुजानं बिंदगी उचलली आणि म्हणाली, "पप्पा, आत्या आणि मी शिंपतो चर." भावानं फोनवरूनच मान हलवली. आता 'पोरींनी?' म्हणून विचारायला सखूकाकूही राहिल्या नाहीत.

शेत तेच. बिंदगी तिच्याकडं, पुढं मी. आरोळी माझ्या तोंडून बाहेर पडायला पहिल्या कोपऱ्यात जरा वेळ लागला. विहिरीकडं बरी आली. बोरीपाशी आम्ही दोघी मिळून ओरडलो. मग ओढ्याकडं निघालो आणि मागून पावलं थांबली.

"आत्या, चौथा कोपरा म्हणजे काय?"

मी वळले.

"तू सगळं खोडलंस, पण एक पान राहिलं. गच्चीवरचं. तिथं लिहिलंयस, 'आम्ही जावा होणार होतो. चौथा कोपरा राहिला.'" ती एक पाऊल पुढं आली. "आम्ही म्हणजे कोण?"

ते पान चुकून राहिलं की मी ठेवलं, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. पण तिथं, ज्वारीत उभं राहून, मी तिला सांगितलं. महानंदाचं नाव मी कितीतरी वर्षांनी तोंडानं उच्चारलं. दोन भाऊ, एक चूल, आंबिलीचे हात, पुरलेला चर, फडक्यावर ओतलेले दाणे, सगळं. ऋतुजा बिंदगी पोटाशी धरून ऐकत होती. मधेच तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते तिनं पुसलं नाही.

"माझ्या हॉस्टेलवर आहे एक," ती म्हणाली. "निकिता. आणि ती मंडळी आत्ता येतायत. मी आज घरी सांगणार आहे, आत्या. मला माहितीय पुस्तकातल्यासारखं होणार नाही. तू नुसती माझ्या शेजारी बसशील का? काही बोलू नको. नुसती बस."

एवढंच हवं होतं तिला. मी तिच्या शेजारी बसले तर वहिनी माझ्याकडं बघतील, भाऊ बघेल, मग मागचं सगळं आठवून बघतील. माझं न झालेलं लग्न, माझं एकटं घर. बाईंना न विचारलेले सगळे प्रश्न त्या एका बसण्यात विचारले जातील. मला हे दिसत होतं. सतराव्या वर्षीची तीच भीती, तिळभर कमी नाही.

"पुस्तकाचं सांगितलं नाहीस," ती म्हणाली. "खरं सांगणार होतीस."

"शेवट लई गोड केलाय," मी म्हणाले.

"मग कसा पाहिजे होता?"

मला मुद्दे आठवेनात. मला ते चष्मा पुसणारे वडील आठवले, तो शिरा आठवला, आणि कुणीतरी कुठंतरी बसून, अशा पोरींना निदान कागदावर तरी पोटभर मिळावं म्हणून तो शिजवलाय, हे पहिल्यांदाच डोक्यात आलं. "असाच," मी म्हणाले. "असाच पाहिजे होता गं."

मग आम्ही चालत ओढ्याकडच्या कोपऱ्याला गेलो. मी बिंदगीत हात घातला, उरलेला सगळा चर काढला आणि शिंपडला. ऋतुजा कणसांकडं बघत उभी होती.

"इथं त्या वर्षी खरंच पिकलं होतं?"

"पिकलं होतं. भिऊ नकोस. मी रोज येऊन बघितलंय."

परत आलो तेव्हा उमरग्याची गाडी बांधावर लागत होती. भाऊ पाहुण्यांसाठी सतरंजी झटकत होता. माझ्याकडं न बघताच त्यानं विचारलं, अगदी आण्णांच्या सुरात, "झाले का चारी कोपरे?"

"झाले," मी म्हणाले.

मी हात धुतले नाहीत. तशीच कोपीपाशी ऋतुजाच्या शेजारी मांडी घालून बसले आणि पत्रावळी मांडायला आलेल्या वहिनींना म्हटलं, "वहिनी, पाहुणे उतरेपर्यंत तुम्ही दोघं जरा इथं बसा."